शास्त्रीबुवांची बारा नावं

निवृत्त हेडमास्तरला गावात दोनच कामं उरतात. सकाळी रक्तदाब मोजून घ्यायचा आणि संध्याकाळी कुणाच्या तरी समारंभात अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं. माझ्या वाट्याला येणारा विषयही आता ठरून गेला आहे. 'आधुनिक शिक्षणात अभिजात परंपरेचे स्थान.' शाल, श्रीफळ आणि हा विषय. मी उठतो, घसा साफ करतो आणि आमच्या बारामतीच्या हायस्कुलातल्या शास्त्रीबुवांची गोष्ट सांगतो. लोक पोट धरून हसतात, टाळ्या पडतात, आणि मी फार विनयशील चेहरा करून खाली बसतो.

पण ती गोष्ट मी निम्मीच सांगतो. नाटकापर्यंत आणतो आणि चहाची वेळ झाली म्हणतो. पुढची निम्मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, कारण तीत माझं काम काही शोभेचं नाही. आता वय झालं, श्रोतेही बहुतेक पेंगायला लागलेत. लिहून टाकायला हरकत नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही हकीकत. मी पुण्याहून बी. ए. आणि मग शिक्षकाची पदवी बी. टी. घेऊन नुकताच बारामतीच्या हायस्कुलात लागलो होतो. माझं मूळ गाव अंथुर्णे, इंदापूर तालुक्यात. कालव्याच्या पाण्यावर आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, वांगी-घेवड्याचा मळा. पुण्याला कॉलेजात गेलो त्या पहिल्याच दिवशी खानावळीत मी वाढप्याला "पानी द्या" म्हणालो आणि अख्खी पंगत हसली. त्या दिवसापासून मी ण शिकायला घेतला. खोलीचं दार लावून, आरशासमोर उभं राहून, जीभ टाळूला लावून 'पाणी, लोणी, कोण, आपण' असा तास-तास घोकत असे. शेजारच्या खोलीतल्या मुलाला वाटलं, मी कुठल्या तरी मंत्राचा जप करतो. दोन वर्षांत ण बसला, पण इतका बसला की उठेना. जिथं नको तिथंही यायला लागला. मुलाखतीला आलो तेव्हा शाळा समितीच्या चेअरमनना मी हात जोडून म्हणालो, "आपल्याला भेटून फार आणंद झाला." चेअरमन स्वतः पिंपळीकडचे बागायतदार. त्यांना वाटलं, पुण्याला आता असंच म्हणत असतील. मला नोकरी मिळाली.

शाळेतला पहिला दिवस. शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो. दारात शिपाई दिसला, म्हणून मी खास कमावलेल्या आवाजात म्हटलं, "जरा पाणी देता का?"

कोपऱ्यातून आवाज आला, "शिपायाशी लग्न करायचंय का तुम्हाला?"

मी वळून पाहिलं. साठीकडे झुकलेले, काटकुळे, काळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, धोतर मात्र गुडघ्याच्या जरा खालीच संपलेलं. हे शास्त्रीबुवा. संस्कृत शिकवायचे.

"पाणि म्हणजे हात," ते म्हणाले. "पाणिग्रहण म्हणजे विवाह. तुम्ही शिपायाचा हात मागितलात. प्यायचं असतं ते पानीयम्. त्याचं पानी. गाव कोणतं आपलं?"

"अंथुर्णे."

"मग गावी काय म्हणतात?"

मी घुटमळत म्हणालो, "पानी."

"बघा. बरोबर होतं ते टाकून दिलंत आणि चूक पदरमोड करून विकत आणलीत." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं फुलपात्रभर पाणी माझ्यापुढं ठेवलं. "घ्या. पानीयम्."

माझ्या दोन वर्षांच्या तपश्चर्येची अशी एका घोटात वाट लागली. मराठीत पाणीच शुद्ध, हे तेही जाणत होते आणि मीही. पण भर खोलीत सगळे हसले, आणि ते मला झोंबलं. त्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारीनासे झाले. "अहो बी. टी.!" म्हणायचे.

शास्त्रीबुवांच्या तऱ्हा पहिल्या आठवड्यातच कळल्या. घरातून शाळेत येताना ते वाटेनं धातू चालवत येत. पाऊल टाकलं की एक रूप, दुसरं पाऊल की दुसरं. गच्छति, गच्छतः, गच्छन्ति. त्यांच्या खोलीपासून शाळेच्या फाटकापर्यंत किती धातू बसतात ते त्यांनी बेतून ठेवलं होतं. मध्येच कुणी रामराम घातला की माळ तुटायची, आणि बुवा मागं फिरून निंबाच्या झाडापासून पुन्हा सुरुवात करायचे. हे साऱ्या बारामतीला माहीत होतं, म्हणून त्यांना वाटेत कुणी नमस्कार करत नसे. मी नवा. शिवाय शिष्टाचार पुण्यात शिकलेला. मी त्यांना पहिल्या आठवड्यात तीनदा वाकून नमस्कार केला आणि ते तिन्ही दिवशी शाळेला उशिरा पोचले. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावून समज दिली.

गुरुवारी बाजार असे. बुवा पिशवी घेऊन जायचे ते भाजीसाठी असं आपल्याला वाटावं. पण ते एखाद्या बाईसमोर उकिडवे बसत आणि विचारत, "याला काय म्हणता?"

"वांगं."

"पुन्हा म्हणा."

"वांगं की वो! दिसत न्हाय का?"

बुवा खूश होऊन जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून घेत. मला ऐकवत, "फलं, वनं, वांगं. आम्ही शहाणे लिहितो वांगे. सांगा बी. टी., नपुंसकलिंग कुणी सांभाळलं?" भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण माळणींना निराळीच काळजी. हा कोटवाला दर बाजारी लिहून नेतो म्हणजे वांग्यावर सरकार काही तरी बसवणार, अशी बाजारात आवई उठली होती, आणि दोघीतिघी त्याला बघून टोपलीवर फडकं टाकायच्या.

मी त्या काळात कमालीचा आधुनिक होतो. बालमानसशास्त्र, तक्ते, कृतीतून शिक्षण. शिक्षक परिषदेसाठी मी एक निबंधही लिहिला होता, 'नव्या शिक्षणात मृत भाषांचे ओझे'. तो मी मुद्दाम शास्त्रीबुवांना वाचायला दिला. मनात म्हटलं, बघू आता काय करतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत केला. आत एकच दुरुस्ती होती. मी 'मणुष्य' लिहिलं होतं, तिथं त्यांनी ण काढून न केला होता.

"लेख चांगला झालाय," म्हणाले. आणि खरोखरच मनापासून म्हणाले. त्यानं मला जास्तच राग आला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर शाळा समितीची बैठक झाली. आठवीत मुलांना संस्कृत किंवा शेतकी, दोहोंतला एक विषय घ्यावा लागे. कालव्यानं तालुका हिरवा केला होता, सहकारी साखर कारखान्यांची चर्चा चावडीवर रंगत होती, आणि संस्कृताच्या वर्गात मुलं होती सहा. चेअरमननी ठराव मांडला की येत्या जूनमध्ये आठवीत बारा मुलांनी संस्कृत घेतलं तर तो वर्ग चालू ठेवायचा, नाही तर बंद. वर्ग बंद म्हणजे बुवांची नोकरीही बंद. त्यांना दुसरा विषय येत नव्हता. येत असता तरी त्यांनी शिकवला नसता.

ठराव कळल्यावर मला वाटलं, बुवा खचतील. ते शांतपणे म्हणाले, "बारा म्हणजे फार नाहीत. बाराखडीला लागतात तेवढे." आणि गॅदरिंगला आपण संस्कृत नाटक करणार असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मुलांचे बाप गॅदरिंगला येतात. त्यांनी एकदा बघितलं की नावं आपोआप येतील, असा त्यांचा हिशेब.

नाटक त्यांनी स्वतःच रचलं होतं, लहानसं, अर्ध्या तासाचं. एक राजा शिकारीत वाट चुकतो आणि तहानेनं व्याकूळ होऊन एका मळ्यात येतो. तो संस्कृतात पाणी मागतो, आणि मळेकऱ्याला ते कळत नाही. एवढंच.

"जुन्या नाटकात राजा संस्कृत बोलतो," बुवांनी मला समजावलं, "आणि बाकीची माणसं प्राकृत. आपल्याकडे प्राकृत जितंजागतं आहे. पुस्तकातलं कशाला आणायचं? बी. टी., मळेकऱ्याचं काम तुम्ही करा. अंथुर्ण्याच्या बोलीत बोला."

मी उडालोच. ज्या बोलीतून सुटायला मी दोन वर्षं आरसा झिजवला, ती साऱ्या बारामतीपुढं, डोक्याला मुंडासं बांधून बोलायची? मी म्हणालो, "मी राजा करतो."

"संस्कृत पाठ करावं लागेल."

"करीन."

"मृत भाषा आहे ती," बुवा म्हणाले, आणि बहुतेक पहिल्यांदाच मी त्यांना गालात हसताना पाहिलं.

आता मळेकरी कोण? बुवांना तो आठ दिवसांत सापडला. आबा दर गुरुवारी मालट्रकमधून भाजी घेऊन बारामतीच्या बाजाराला येत, आणि माल संपला की मला भेटायला शाळेत. त्या दिवशी मी वर्गावर होतो. बाहेर येऊन बघतो तर पायरीवर आबा बसलेले, आणि शेजारी शास्त्रीबुवा. आबांनी स्वतःचं उपरणं पायरीवर पसरलं होतं.

"या, हितं बसा की बुवा. दगड तापलाय," आबा म्हणत होते.

बुवांनी खिशातून कागद काढला. "हितं म्हणालात ना? हितम् म्हणजे कल्याण. आबा, तुम्ही बसायला जागा दिलीत की कल्याणच दिलंत?"

"आता तुमी म्हंताय तर तसं आसंल," आबा म्हणाले. "आमी आपलं हितं म्हंजी हितंच म्हंतो."

त्या गुरुवारपासून आबांची आणि त्यांची जोडी जमली. आबांना वाचता जेमतेम येई, पण पाठ करायचंच नव्हतं. बुवांची रीतच न्यारी होती. ते राजाचं संस्कृत वाक्य म्हणायचे, आबा त्यावर जे सुचेल ते बोलायचे, आणि बुवा ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचे.

"भो उद्यानपाल, तृषितोऽस्मि!" बुवा म्हणत.

"तुरी व्हय? तुरी औंदा न्हाय पेरल्या, म्हाराज. घेवडा हाय."

बुवा टाळी वाजवत आणि लिहून घेत. असं ते नाटक दोघांनी मिळून रचलं. मी मात्र आतून जळत होतो. आपला बाप बारामतीच्या चेअरमनसमोर धोतराचा काचा मारून स्टेजवर उभा राहणार, आणि मी त्याच्यापुढं राजा. मी आबांना आडून सुचवलं की, लोक हसतील. आबा म्हणाले, "मंग हसाया नगं व्हय? बुवा म्हनले की इनोदी हाय म्हनून."

गॅदरिंग दुपारी चारला ठेवलं होतं, कारण बत्त्या आणायला समिती तयार नव्हती. मैदानात मांडव. पुढच्या रांगेत चेअरमन, समितीचे लोक, मागं मुलांचे बाप. बरेचसे मळेवालेच. मी पत्र्याचा मुकुट घालून विंगेत उभा. मुकुट मुलांनी डालड्याच्या डब्यातून कापला होता आणि माझ्या कपाळावर डब्यावरचं खजुराचं झाड बरोब्बर मध्यभागी आलं होतं.

सुरुवात झोकात झाली. पहिली चार वाक्यं मी खणखणीत म्हटली. आबांनी तुरीचं उत्तर दिलं आणि मांडव हसून हसून आडवा झाला. एवढा हशा मला अपेक्षित नव्हता. माझं पाचवं वाक्य लांबलचक होतं, समास होता त्यात, मृगया होती, सूर्याचा ताप होता. हशा ओसरला, मी तोंड उघडलं, आणि तिथं काहीच नव्हतं. एक अक्षर नाही. विंगेतून बुवा सांगत होते, पण माझे कान बंद झाले होते.

आबांना वाटलं, हे नाटकातलंच. ते म्हणाले, "बोला की म्हाराज. वाचा बसली व्हय?"

लोक पुन्हा हसले. मला घाम फुटला. मुकुट खाली सरकून नाकावर आला. आबा जवळ आले, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय पायजे लेकरा? सांग की."

आणि माझ्या तोंडून, दोन वर्षांची जीभ बाजूला सारून, बाहेर पडलं, "आबा, पानी द्या वो!"

मग आबांनी कपाळावर हात मारला. "आरं मंग आदी न्हाय का बोलायचं! मघापासनं तुरी मागतोयस!"

त्यानंतर काय झालं ते मला नीटसं सांगता येत नाही. माणसं बाकांवर उभी राहिली. चेअरमन डोळे पुसत होते. कुणीतरी मागून ओरडलं, "पाजा आबा, राजाला पानी पाजा!" आबांनी कळशी कलती केली, मी ओंजळीनं प्यालो, आणि खरोखरच प्यालो, कारण माझा घसा कोरडा पडला होता. पडदा पडला.

मी विंगेत गेलो तो बुवांच्या शिव्या खायच्या तयारीनं. त्यांच्या नाटकाचा मी बट्ट्याबोळ केला होता. ते मुकुट माझ्या डोक्यावरून उतरवत म्हणाले, "उत्तम. फक्त द्वितीयेचा प्रत्यय तेवढा राहिला." त्यांचे डोळे भरलेले होते. माझेही भरले. मला तो म्हातारा त्या क्षणी फार आवडला, आणि आजही तो आवडतो तो त्या क्षणासकट.

माझी सभेतली गोष्ट इथं संपते. चहा येतो.

गॅदरिंगनंतर चार महिने जो तो भेटून सांगे, काय नाटक, काय मजा. चेअरमन म्हणाले, "बुवा, दर साल करा. आपली परंपरा टिकली पायजे." मग उन्हाळा गेला, जून आला, आणि आठवीचे फॉर्म निघाले. बुवा काळा कोट चढवून घरोघर फिरायला लागले. पार पिंपळीपर्यंत चालत जात. सगळीकडे त्यांचं स्वागत होई, चहा होई, आबांच्या तुरीची आठवण निघे. मुलाच्या नावाचा विषय काढला की मात्र घराचा मालक गोठ्याकडे बघायला लागे.

"बुवा, संस्क्रुत शिकल्यावर कालव्याची पाळी लवकर येती का?" एकानं विचारलं.

"नाही येत."

"मंग शेतकीच बरी."

बुवा ही संभाषणं मला येऊन सांगत, राग न धरता, आणि त्यातला एखादा शब्द कागदावर टिपलेला असे. हळूहळू नावं जमत गेली. कुणी भीडेखातर दिलं, कुणाच्या मुलाला नाटकात काम हवं होतं. सात झाली, नऊ झाली. मी रोज विचारत असे. मला खरंच वाटत होतं की त्यांचा वर्ग टिकावा.

आणि त्याच आठवड्यात मी माझ्या धाकट्या भावाचा फॉर्म भरला. तो अंथुर्ण्यात सातवीची परीक्षा पास होऊन आमच्याच हायस्कुलात येणार होता. पालक म्हणून सही माझी. मी गावी गेलो होतो तेव्हा आबा म्हणाले, "बुवांकडं घालायचा न्हवं धाकट्याला?"

मी म्हणालो, "आबा, नाटक वेगळं आणि शिक्षण वेगळं. पुढं कारखाने येतायत. शेतकी घेतलेल्याला मागणी आहे. संस्कृत घेऊन तो काय करणार?"

आबा बराच वेळ वाफ्यातलं तण उपटत राहिले. मग म्हणाले, "तू शिकल्याला. तुला कळतं."

मी शेतकीपुढं खूण केली आणि फॉर्म कचेरीत देऊन टाकला. शपथेवर सांगतो, सही करताना मला बुवांची आठवणसुद्धा झाली नाही. बारा मुलं हवी होती ती लोकांची हवी होती.

शेवटच्या दिवशी दुपारी हेडमास्तरांनी मला काही तक्त्यांसाठी बोलावलं होतं. मी त्यांच्यासमोर बसलेलो असताना बुवा आत आले. चेहरा नुसता उजळला होता. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेली यादी टेबलावर ठेवली. "बारा," म्हणाले. "मोजून घ्या."

हेडमास्तर भला माणूस. त्यांनाही आनंद झाला. ते एकेक नाव वाचत फॉर्मांच्या गठ्ठ्याशी ताडून बघायला लागले. पहिल्याच नावाशी थांबले. "हे राहू दे, नंतर बघू," म्हणत त्यांनी पुढची अकरा तपासली. अकराही बरोबर निघाली. मग त्यांनी गठ्ठ्यातून एक फॉर्म ओढून काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पहिलं नाव तुमच्या भावाचं आहे. पण फॉर्मवर तर शेतकी आहे. सही तुमची."

बुवांनी फॉर्म हातात घेतला. चष्मा वर करून वाचला. माझ्या सहीत एक फार वळणदार ण आहे, तो त्यांनी जरा वेळ बघितला असावा. मग म्हणाले, "माझी चूक झाली. हे नाव मी खात्रीचं धरून सगळ्यात आधी लिहिलं, आणि अकरा मिळाल्यावर फिरायचं थांबलो."

"चूक कसली?" हेडमास्तर म्हणाले. "आज पाच वाजेपर्यंत मुदत आहे. पालक समोरच बसलेत. काय हो, खूण बदलायची का? घ्या पेन."

पेन माझ्यापुढं होतं. भिंतीवर साडेतीन वाजले होते. एक काट मारायची आणि एक खूण करायची, एवढंच काम. मला आठवतं, माझ्या मनात त्या वेळी एकदम भावाचं सगळं भविष्य उभं राहिलं. कारखान्यातली नोकरी, क्वार्टर, सायकल. आणि हेडमास्तरांसमोर आपल्या तत्त्वाविरुद्ध वागलो तर आपल्या निबंधाचं काय, असलाही एक फालतू विचार येऊन गेला. सरळ नाही म्हणायची छाती नव्हती. हो म्हणायची तर त्याहून नव्हती.

मी अत्यंत शुद्ध मराठीत म्हणालो, "मला आबांना विचारावं लागेल. वडिलांच्या शब्दाबाहेर मी कसा जाणार?"

हेडमास्तरांनी पेनाला टोपण लावलं. अंथुर्ण्याला जाऊन पाचच्या आत परत येणं शक्य नाही, हे तिघांनाही माहीत होतं. बुवा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फॉर्म अलगद गठ्ठ्यावर ठेवला.

"विचारा, विचारा," म्हणाले. "वडिलांना विचारायलाच हवं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले.

आठवड्याच्या आत ते वाईला त्यांच्या भाच्याकडे निघून गेले. निरोपसमारंभाला चेअरमन परंपरेवर बोलले. मीही बोललो. ती माझी या विषयावरची पहिली टाळ्या घेणारी सभा. बुवांनी उत्तरादाखल एवढंच सांगितलं की बारामतीकरांनी मला पुष्कळ शब्द दिले.

पुढच्या गुरुवारी आबा आले. वांग्यांची पाटी घेऊन ते आधी बुवांच्या खोलीवर जाऊन आले होते. कुलूप बघून शाळेत आले, पाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "बुवा कुठं गेलं?"

मी सांगितलं. वर्ग बंद झाला, एक नाव कमी पडलं, ते वाईला गेले.

"एक कमी पडलं? आन् तू तितंच हुतास?"

"होय."

"मंग काय म्हनलास?"

"म्हणालो, आबांना विचारून सांगतो."

आबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले, बाजूच्या वर्गात मुलं होती म्हणून.

"आरं, मला काय इचारायचं हुतं? नाटकाच्या दिशीच मी बुवांना शबूद दिला हुता. पडदा पडल्यावर. म्हनलं, पयलं नाव माज्या धाकट्याचं लिवा. तू नगं म्हनलास, तवा मला वाटलं, तू सोता जाऊन त्येंला सांगितलं आसशील. आज मी माफी मागाया आलो हुतो."

म्हणजे मी हेडमास्तरांसमोर आबांचं नाव पुढं केलं, तेव्हा आबांचा होकार बुवांच्या खिशात चार महिने पडून होता. मी खोटं बोलतोय हे त्या खोलीत त्यांना एकट्याला ठाऊक होतं. एक वाक्य बोलले असते तर वर्ग राहिला असता, नोकरी राहिली असती. फक्त माझी अब्रू गेली असती, हेडमास्तरांसमोर, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.

आबांनी पाटी उचलून पुन्हा डोक्यावर घेतली. मी म्हणालो, "आबा, वांगी ठेवा ना इथं."

"नगं," आबा म्हणाले. "ती बुवांची हायती."